साकवाने दिलेली ओ

ढग एकदा गुरगुरला की आमच्या वाडीत पावसाच्या आधी बाबलकाका पोचत. पायात जाड रबरी चपला, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, काखेत छत्री, पण मिटलेली, कारण छत्रीच्या दांड्यात लोखंड असतं. पहिल्या घराच्या बेड्यापासूनच, म्हणजे फाटकापासूनच, त्यांची हाक सुरू व्हायची, "तारो काडा गो! तारो काडा!" बायका हसायच्या, पण उठून टीव्हीची आणि इंटरनेटच्या डब्याची पिन काढायच्या. एखादीने आळस केला तर काका सरळ आत शिरून स्वतः काढत आणि जाताना सुनावत, "भियेल्लो माणूस चार दिवस जास्त जगता, बाय. शूरांचे फोटो भिंतीर लागतत."

त्यांना विजेची भीती, विहिरीची भीती, सापाची तर होतीच, पण सुंभाच्या दोरीचीही होती, कारण ती सापासारखी दिसते. असा हा माणूस तीस-बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होता आणि रोज खांबावर चढत होता, हे सांगितलं की नवखा माणूस हसायचाच. मीही हसायची. आमच्या मसुरे गावात त्यांना मागून 'भियो बाबल' म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

निवृत्त झाल्यावर माणसं देवळात नाहीतर पत्त्यांत रमतात. काका भाचीने टाकून दिलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरपुढे बसले. त्यावर त्यांनी लिनक्स नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घातलं, मोडलं, परत घातलं, आणि दोन पावसाळ्यांत वाडीतल्या सगळ्या घरांचं इंटरनेटचं जाळं या माणसाच्या हातात आलं. लिनक्सच का, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "त्या दुसऱ्या मशिनीक इचारल्यार ती म्हणता, कायतरी चुकलां. अगो, काय चुकलां ता सांग ना! ह्यां सांगता. बारीक अक्षरात सांगता, पण सांगता. माका खोटो धीर देणारो नको, खरां भय घालणारो होयो."

माझा त्यांच्याशी खरा संबंध आला तो आप्पांमुळे. आप्पा माझे वडील. त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नवरा गोव्यात नोकरीला, शनिवारी घरी येणारा. शेवंती नावाची बाई सकाळी आप्पांचं सगळं करून दुपारी बाराला जायची. त्यानंतर घरात आप्पा एकटे, आणि मी व्हाळापलीकडे माझ्या काजूच्या शेडमध्ये. मध्ये तीनेकशे पावलं आणि व्हाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा लाकडी पूल. शेड खोलगट जागी, तिथे मोबाइलला रेंज म्हणून नाही. आप्पांना हाक मारता येत नव्हती आणि मला ती ऐकू आली नसती. बी फोडताना हात चालायचे, पण कान घराकडे. कावळा ओरडला तरी हात थांबायचे. शेड बंद करायची म्हटली तर सहा बायकांची चूल तिच्यावर, आणि माझीही. रोज दुपारी मी चार वेळा साकव ओलांडून घरी पळायची, आणि परत येईपर्यंत वाटायचं की आत्ताच काहीतरी झालं असेल.

एक दिवस काका शेडच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "तुझो जीव असो वायरीसारको ताणलेलो बरो नाय. आप्पाच्या उशाक एक घंटा लावया."

कॅमेरा आप्पांना नको होता. डाव्या हाताने त्यांनी तो दोनदा ढकलून दिला. मग काकांनी त्यांच्या खाटेजवळ काडेपेटीएवढा एक कॉम्प्युटर ठेवला आणि डाव्या अंगठ्याखाली एक बटण दिलं. बटण दाबलं की शेडमधल्या कॉम्प्युटरवर घंटा वाजायची. शेडचं जाळं वेगळं, घराचं वेगळं, आणि दोन्हींना जोडायला घराच्या मागच्या पडवीत एक तिसरा कॉम्प्युटर, ज्याचा एक पाय या जाळ्यात आणि एक त्या. व्हाळावरून हवेतूनच निरोप जायचा. या तिसऱ्याचं नाव काकांनी ठेवलं 'साकव'. खाटेजवळच्याचं नाव 'आप्पा'. शेडमध्ये पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका होता. शेडचा कॉम्प्युटर दर मिनिटाला 'आप्पा' अशी हाक मारायचा, पलीकडून ओ आली की ठिपका हिरवा, नाही आली की लाल.

यंत्रांना नावं आपल्यासाठी. ती एकमेकांना ओळखतात आकड्यांनी. कोणत्या नावाचा कोणता आकडा, हे काकांनी शेडच्या कॉम्प्युटरमध्ये हाताने लिहून ठेवलं होतं. आकडेही त्यांनी उगाच दिले नव्हते, मानाप्रमाणे दिले होते. घरात इंटरनेटचा डबा म्हणजे एक नंबर, तो काही बदलता येईना. "मगे पयलो मान आप्पाचो," म्हणून आप्पांना दोन. साकवाला तीन, टीव्हीला शेवटचा. आमच्याकडे पालखीपुढे नारळ कोणाचा आधी, यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं, त्या गावचा हा माणूस. त्याने डब्याला बजावून ठेवलं होतं की दोन नंबर आप्पांशिवाय कोणाला द्यायचा नाही.

आणि रोज शेड उघडली की गाऱ्हाणं. देवापुढे घालतात तसंच. काका कळफलकावर बसत, मी मागे उभी. ते एकेकाला हाक मारत आणि पडद्यावर ओ आली की मी म्हणायचं.

"बा शेडीच्या म्हाराजा, तू जागो आसस काय?"

"व्हय म्हाराजा."

"साकवाच्या अल्याडच्या म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा."

"साकवाच्या पल्याडच्या म्हाराजा? घरच्या डब्याच्या म्हाराजा? आप्पाच्या आकड्याच्या म्हाराजा? आणि आता नावान, रे आप्पा?"

शेवटी मी घरी जाऊन घंटा दाबायची आणि काका शेडमध्ये ती ऐकायचे. बायका तोंडाला पदर लावून हसत. एकदा घाईत मी म्हटलं, "काका, एकदम आप्पाकच हाक मारा ना, मधल्यांचां काय काम?" काकांनी हात थांबवले. "गाऱ्हाण्यात एक देव चुकलो तर सगळो गाव भोगता. अल्याडसून पल्याड जावचां, एकेक पायरी. आणि ओ इली म्हणान तोच आसा असां धरू नको. तिन्हीसांजेक वाटेर कोणीय ओळखीच्या आवाजात ओ देता. इचारूचां, तू कोण?" त्यांनी एक वही खिळ्याला टांगून ठेवली होती. काहीही बदललं की तारीख घालून तीत लिहायचं. "आज केल्लां उद्या आठवता, परवा नाय," असं म्हणत.

वर्षभर घंटा नीट वाजली. बहुतेक वेळा आप्पांना पाणी हवं असायचं, नाहीतर अंगावरची चादर सरकलेली. मी हळूहळू कान घराकडे न लावता बी फोडायला शिकले. हिरव्या ठिपक्याकडे बघायचं, पुढचं बी घ्यायचं.

मग त्या दसऱ्यानंतर, भातकापणी चालू असताना, एका दुपारी ढग वाजला आणि काकांची हाक आली तेव्हा मी मळ्यात होते. त्या दिवशी शेवंती उशिरापर्यंत घरी थांबली होती, तिने ते हसण्यावारी नेलं. वीज कुठेतरी माडावर पडली आणि आमचा डबा जळाला. चूक माझीच. निघताना शेवंतीला बजावायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी काका नवा डबा घेऊन आले. तो लावत होते तोच पुन्हा आभाळ भरून आलं. मी बघत होते, काकांची नजर डब्यावर कमी आणि आभाळाकडे जास्त होती. त्यांनी शेडमध्ये येऊन एकच हाक मारली, "आप्पा?" पडद्यावर ओ आली. ठिपका हिरवा झाला. "झालां, झालां, उद्या लिवतंय," असं पुटपुटत, वही न उघडता, ते आपल्या घराकडे धावत सुटले. गाऱ्हाणं झालं नाही, घंटाही दाबून पाहिली नाही. मीही म्हटलं नाही, काका, थांबा. पुढचे दोन दिवस कापणीमुळे शेड बंद होती आणि मी घरीच होते.

तिसऱ्या दिवशी शेड उघडली, पण काका सकाळी आले नाहीत आणि गाऱ्हाणं तसंच राहिलं. दोनच्या सुमाराला मालवणच्या बाजूने आभाळ काळं होत आलं. बायकांना मी लवकर घरी पाठवलं. काका राहिलेलं लिहायला म्हणून आले होते, ते अडकले. मग जे सुरू झालं तो पाऊस नव्हता, पाण्याचा लोट होता. व्हाळ बघता बघता साकवाच्या खांडांना, आडव्या ओंडक्यांना, टेकला. वीज अशी कडाडत होती की पत्रे वाजत. काका टेबलाखाली गोणपाटावर गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि तिथून म्हणाले, "बाय, तार काड. ऐक माझां, तार काड."

"काका, आप्पा एकटे आसत," मी म्हटलं. "तार काडलंय तर माका काय कळतलां? ठिपको हिरवो आसा. तो आसा तोपर्यंत मी हय बसतंय."

मी ठिपक्याकडे बघत बसले. हिरवा होता. मला धीर आला, हे आज लिहितानाही लाज वाटते.

थोड्या वेळाने काका टेबलाखालून बाहेर आले. घाबरलेला माणूस हाताला काहीतरी चाळा शोधतो, तसे ते कळफलकाशी बसले आणि आप्पांना एकामागून एक हाका मारू लागले. ओ येत होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती यायला किती वेळ लागला तोही आकडा असतो. मी त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. काका पडद्याजवळ वाकले. मग आणखी वाकले.

"बाय," ते म्हणाले, "आप्पा इतक्या बेगीन ओ देणत नाय."

"म्हणजे?"

"साकवापासून थयसर चिऱ्याचे दोन भिंती आसत. तीस-चाळीस मिलिसेकंद लागतत. ही ओ दोनात येता." त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. "ही ओ पल्याडसून येणत नाय."

त्यांनी काहीतरी टाइप केलं. जे यंत्र ओ देत होतं त्याच्या आत शिरून त्यांनी विचारलं, तू कोण? पडद्यावर एकच शब्द उमटला.

साकव.

नव्या डब्याला मानपान कुठला ठाऊक? त्याने जो आधी आला त्याला पहिला नंबर दिला. साकव आधी आला होता, दोन नंबर साकवाला गेला. शेडच्या कॉम्प्युटरला मात्र दोन म्हणजे आप्पा एवढंच माहीत. तीन दिवस तो आप्पांना हाक मारत होता आणि साकव आप्पांच्या नावाने ओ देत होता. आणि घंटा? शेडकडे जायचं तर साकवावरून, ही वाट काकांनी जुन्या डब्याला शिकवली होती. ती त्याच्याबरोबर जळाली. आप्पांनी बटण दाबलं असतं तर तो निरोप नव्या डब्यापाशी येऊन, वाट न सापडून, तिथेच मेला असता.

दाबलं असतं तर. मी एवढाच विचार केला आणि उठून दाराकडे धावले.

काका माझ्या आधी बाहेर होते. छत्री टेबलाखालीच राहिली. साकवाच्या खांडांवरून पाणी वाहू लागलं होतं आणि धरायला होती फक्त बाजूची जी.आय.ची लोखंडी तार. ही तार काढून बांबू बांधा म्हणून काका दोन वर्षं माझ्या मागे लागले होते. डोक्यावर वीज फुटत होती. काकांनी ती तार दोन्ही हातांनी धरली. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. ते मोठ्याने ओरडत होते, "बा देवा म्हाराजा, बारा वाडीच्या म्हाराजा, जो काय गुन्हो झालो तो माझो झालो, त्या म्हाताऱ्याक भोगूक लावू नको रे म्हाराजा!" आणि मी त्यांच्या मागे, पाण्यात पाय चाचपत, रडत ओरडत होते, "व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!"

आप्पा खाट आणि भिंत यांच्या फटीत सरकले होते. तोंड गादीत दाबलं गेलं होतं, श्वास घरघरत होता. डावा हात वर अडकलेला, आणि अंगठा बटणावर. आम्ही त्यांना ओढून वर घेतलं तेव्हाही तो अंगठा दाबतच होता. मी तो सोडवायला गेले तर सुटेना. एकेक बोट उलगडावं लागलं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय वाटलं असेल याचा विचार मी आजही पुरता करू शकत नाही. इतक्या वेळा हाक मारली आणि मुलगी आली नाही.

आप्पा वाचले. दोन दिवस छातीत कफ होता, मग उतरला. त्या संध्याकाळी पाऊस ओसरल्यावर काका खाटेजवळ जमिनीवर बसून त्या काडेपेटीएवढ्या कॉम्प्युटरची नोंद वाचत होते. पडदाभर ओळी होत्या, प्रत्येक ओळ म्हणजे एकदा दाबलेलं बटण, आणि प्रत्येकीपुढे एकच शेरा, पोचलं नाही. काकांनी सगळ्या ओळी वाचल्या, एकही गाळली नाही. मग ते माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"दत्ता म्हणान माझो जोडीदार होतो. आम्ही रेडीच्या बाजूक लाइनीर होतो. तो खांबार, मी खाली. तेणा वरसून इचारल्यान, बाबल, आभाळ कसां आसा? मी अर्धांच बघितलंय. झाडीमागचां बघूक नाय. म्हटलंय, बरां आसा, चढ. वीज त्याच खांबार पडली. ओ मी दिलंय, बाय. चुकीची ओ मी दिलंय. तेवापासून भियेतंय. आणि परवा त्याच भियान परत तांच केलंय."

चूक तुमची नाही, असं म्हणणं म्हणजे त्यांना नको असलेला तोच खोटा धीर. मी चहा करून दिला. आप्पांनी डावा हात उचलून काकांच्या डोक्यावर ठेवला, आणि काका, सत्तरीला आलेला माणूस, हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी वहीत त्यांनी सगळं लिहिलं. डबा कधी बदलला, काय तपासलं, काय तपासलं नाही आणि का. 'भीती वाटली म्हणून' असं स्वच्छ अक्षरात लिहिलंय. आप्पांचा दोन नंबर त्यांनी परत मिळवला, वाट परत शिकवली, ठिपका हिरवा व्हायच्या आधी 'तू कोण' हे विचारायला यंत्राला लावलं. साकवाला बांबू बांधला. पानाच्या खाली एक नवा नियम लिहून त्यांनी दोन रेघा मारल्या: 'तार काढली तर माणूस बसव.'

हा नियम ते पहिल्यांदा स्वतःच पाळू लागले. ढग वाजला की "तारो काडा गो!" करत वाडीभर फिरायचे, आणि शेवटी आमच्याकडे. डब्याची पिन काढायची म्हणजे घंटाही बंद, म्हणून वादळ सरेपर्यंत आप्पांच्या खाटेवर बसून राहायचं. वीज चमकली की काका आप्पांचा हात धरून मोजत, एक, दोन, तीन, चार, आणि आवाज झाला की म्हणत, "लांब आसा रे, लांब आसा." आप्पांना भीती नव्हती. हात काका धरत होते, सोडत नव्हते आप्पा.

काका गेले ते शिमग्यानंतर, भर उन्हात, आभाळ लख्ख असताना. अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या. वीज नाही, विहीर नाही, साप नाही. इतकी वर्षं ज्यांना भ्याले त्यांच्यापैकी एकानेही त्यांना हात लावला नाही. आप्पांना मी सांगितलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मे महिन्यात एका दुपारी मी शेडमध्ये होते. लांब कुठेतरी ढग गुरगुरला. माझ्या नकळत कान वाडीच्या वाटेकडे गेले आणि मग आठवलं. तेवढ्यात घंटा वाजली. लगेच पुन्हा वाजली, पुन्हा पुन्हा वाजत राहिली. मी हातातलं बी टाकून साकवावरून धावले, त्या दिवशीसारखीच. आप्पा खाटेवर नीट होते. एका हाताने बटण दाबत होते. मला बघितल्यावर त्यांनी बटण सोडलं आणि बोट केलं, भिंतीवरच्या डब्याच्या पिनकडे.

मी पिन काढली. घंटा मुकी झाली. मग अंगणात जाऊन मी ओरडले, "तारो काडा गो! तारो काडा!" आत येऊन आप्पांजवळ, काका बसत त्या जागी बसले. वीज चमकली. आप्पांनी माझा हात धरला, आणि मी मोजायला लागले, एक, दोन, तीन.